भरती, पंचांग आणि सावली यांतून शाळेचे गणित : कोकणातील नव्या शिक्षकांसाठी

गणिताच्या तासाला खगोलशास्त्राचा इतिहास आणायचा म्हटले की बहुतेक नवे शिक्षक आर्यभटांवरचा एखादा परिच्छेद वाचून दाखवतात आणि मग फळ्याकडे वळून नेहमीची उदाहरणे सोडवू लागतात. त्यात मुलांना इतिहास कळत नाही आणि गणितही पुढे सरकत नाही. जुन्या ज्योतिर्विदापुढे जो प्रश्न होता तोच प्रश्न, शक्यतो त्याच्याच साधनांसह, आधी मुलांपुढे ठेवावा, त्यांना मोजू द्यावे, चुकू द्यावे आणि नंतरच त्या ज्योतिर्विदाने काय केले ते सांगावे, असा क्रम मी काही वर्षे पाळत आलो आहे. पुढील पायऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून सांगितल्या असल्या, तरी रायगड आणि पालघरच्या शिक्षकांना त्यांत केवळ आकडे बदलावे लागतील.

सुरुवात कशाने करावी याचा निर्णय कोकणात पाऊसच घेतो. शाळा जूनमध्ये उघडते आणि त्यानंतर तीन-साडेतीन महिने सूर्याचा किंवा ताऱ्यांचा भरवसा नसतो. म्हणून आकाशाचे प्रयोग सप्टेंबरपर्यंत राखून ठेवावेत आणि पहिले सत्र समुद्र व पंचांग यांना द्यावे.

पहिली पायरी : तिथीची पाऊणकी

किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात भरतीची वेळ काढण्याचा एक हिशेब तोंडी चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा वाजता. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना नियम तोच. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्यामुळे मच्छीमार पालक बहुधा घरी असतात. त्यांपैकी एखाद्या काकांना वर्गात बोलावून हा नियम त्यांच्याच तोंडून ऐकवावा. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे मुलांच्या आजोबांना पाठ असत. त्यांतील पाऊणकी अजून बंदरावर वापरात आहे हे समजल्यावर अपूर्णांकांकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते.

त्यानंतर नियमाची परीक्षा घ्यावी. एका चांद्रमासात तीस तिथी असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास पुढे सरकून पुन्हा मूळ जागी येते. चोवीस तासांची १४४० मिनिटे तीस तिथींत वाटली की एका तिथीला ४८ मिनिटे येतात, पाऊण तासाची मात्र ४५ होतात. तिथीमागे तीन मिनिटांची ही तूट साठत जाऊन पंधराव्या तिथीला ४५ मिनिटांची होते. नियमाने अमावास्येला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला पाऊण वाजतो, म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी पडते आणि राहिलेली तूट तेथे एकदम भरून निघते. हे मुलांना सांगून टाकू नये. त्यांनी आलेखकागदावर आडव्या अक्षावर तिथी व उभ्या अक्षावर वेळ घेऊन पाऊणपटीची रेषा आणि चार पंचमांशाची रेषा काढावी, वर्तमानपत्रातील किंवा बंदरावरील भरतीच्या वेळा पंधरा दिवस नोंदवून त्याच कागदावर मांडाव्यात, आणि खरे बिंदू कोणत्या रेषेवर बसतात ते पाहावे. ते कोणत्याच रेषेवर नीट बसत नाहीत. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत भरती रोज ४८ मिनिटांहून कमी लांबते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या दिवसांत त्याहून बरीच अधिक लांबते. तरीही होडी लोटायची की नाही एवढे ठरवायला पाऊणकी पुरते, आणि ती मनातल्या मनात करता येते. ४८ मिनिटांचा गुणाकार वाऱ्यात उभे राहून करणे तितके सोपे नाही. सोयीसाठी किती अचूकता सोडावी, हा प्रश्न खगोलशास्त्राच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो आणि पुढच्या पायऱ्यांतही तो येणार आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माझ्या वर्गात पहिल्याच वर्षी खाडीच्या आतल्या वाडीतला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, बंदरात पाणी भरतं तेव्हा आमच्याकडे अजून चढतच असतं.” मी त्याला खाली बसवले. तो बरोबर होता, कारण खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. तेव्हापासून मी प्रत्येक वाडीची नोंद वेगळी ठेवायला सांगतो, आणि वाडीनुसार किती मिनिटे मिळवावीत हे मुलेच सरासरी काढून ठरवतात.

नववीच्या वर्गात याच विषयावर घातांकांचा एक तास घ्यावा. भरती उत्पन्न करणारा प्रभाव वस्तुमानाच्या समप्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे न्यूटन यांच्या १६८७ मधील सिद्धान्तातून निघते. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ × १०⁷ पट आणि त्याचे अंतर सुमारे ३८९ पट आहे. ३८९ चा घन ५.८९ × १०⁷ इतका येतो, म्हणून सूर्याचा प्रभाव चंद्राच्या ०.४६ पट ठरतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे मिळून १.४६ आणि अष्टमीच्या सुमारास एकमेकांविरुद्ध ०.५४. उधाण आणि भांग यांच्यातला फरक जेट्टीच्या पायऱ्यांवर रोज पाहणाऱ्या मुलाला या दोन संख्या निराळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. गॅलिलिओने १६३२ मध्ये भरतीचे कारण पृथ्वीच्या गतीत शोधले आणि त्याच्या मांडणीतून दिवसाला एकच भरती निघत होती, हे सांगून “त्याची चूक तुम्ही कशी दाखवाल?” असे विचारावे. किनाऱ्यावरच्या वर्गात उत्तर यायला अर्धे मिनिटही लागत नाही.

दुसरी पायरी : नांदगावचे ४०१६ दिवस

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, पंचांगाकडे वळावे. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी होते, कारण ३६० ला ३० ने भागले की १२ येतात. एवढी व्याख्या पाचवी-सहावीलाही पुरते. आठवीच्या पुढे मात्र गणेश दैवज्ञांचे नाव घ्यावे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या या ज्योतिषाने १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला आणि पुढील कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे त्यावरून होत राहिली. दिवसांची गणती आटोपशीर राहावी म्हणून त्यांनी ४०१६ दिवसांचे एक चक्र धरले.

मुलांना ४०१६ हा आकडा फळ्यावर लिहून द्यावा आणि तोच का, हे शोधायला लावावे. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. ४०१६ ला त्याने भागले की जवळजवळ नेमके १३६ येतात. १३६ म्हणजे अकरा वर्षांचे १३२ महिने आणि चार अधिकमास. आता ४०१६ ला ११ ने भागून पाहावे, ३६५.०९ येतात, आणि वर्ष तर सुमारे ३६५.२५ दिवसांचे. म्हणजे चक्र चंद्राशी जुळते, पण सूर्याच्या बाबतीत सुमारे पावणेदोन दिवस कमी पडते. ही तूट प्रत्येक चक्रामागे ठरावीक संख्या वजा-मिळवणी करून सांभाळली जाते. पाऊणकीत जे पाहिले त्याचीच ही मोठी आवृत्ती आहे, हे एखादा तरी मुलगा स्वतःहून म्हणतो. कोणी म्हटले नाही तर आपण म्हणावे.

इतिहास आपल्या मातीतला आहे हे दाखवायला याहून अधिक नावे हवी असतील तर दोन पुरेत. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार करणारे केरो लक्ष्मण छत्रे अलिबागजवळच्या नागावचे, आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. दीक्षित शिक्षकी पेशातच होते, ही गोष्ट वर्गापेक्षा शिक्षकांच्या खोलीत अधिक उपयोगी पडते.

तिसरी पायरी : शंकू रोवणे

सप्टेंबरच्या २२ किंवा २३ तारखेला सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी मध्यान्हीला बारा अंगुळे उंचीच्या शंकूची, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीची, जी सावली पडते तिला पलभा म्हणतात आणि ती एकच संख्या गावाचे अक्षांश सांगते. संपूर्ण वर्षातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग असल्यामुळे त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी.

साठ सेंटीमीटर उंचीची सरळ काठी घ्यावी, म्हणजे पाच सेंटीमीटरांचे एक अंगूळ होते. खरे अंगूळ एवढे नसते, असे कोणी म्हटल्यास त्याला शाबासकी द्यावी आणि अंगूळ बदलले तर सावलीची अंगुळे बदलतील का, हा प्रश्न त्याच्याकडेच परत पाठवावा. गुणोत्तर एककावर अवलंबून नसते हे तेथे कळते. जागा सपाट हवी. कातळावरचा सडा दिसायला सपाट असला तरी पाण्याच्या ओघळाच्या बाजूला उतरलेला असतो. मी पहिल्या वर्षी शाळेमागच्या जांभ्यावर काठी उभी केली आणि पलभा पाच अंगुळांच्या जवळ आली, म्हणजे आमचे गाव गुजरातेत गेले. दुसऱ्या वर्षी गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ मागून आणली. काठी ओळंब्याने आणि जमीन पाणसळीने तपासल्याशिवाय एकही माप लिहू नये.

मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, हे मुलांना आधी गणिताने काढू द्यावे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, रत्नागिरी ७३.३ अंशांवर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, ९.२ चा चारपट म्हणजे सुमारे ३७ मिनिटे उशीर झाला. शिवाय सूर्य वर्षभर थोडा पुढे-मागे चालतो. सप्टेंबरच्या त्या दिवशी तो साडेसात मिनिटे लवकर येतो, मार्चच्या विषुवदिनी जवळजवळ तेवढाच उशिरा. म्हणून रत्नागिरीची मध्यान्ह सप्टेंबरात १२ वाजून २९ मिनिटांच्या आणि मार्चमध्ये १२ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास होते.

नेमक्या त्याच मिनिटाला ढग येईल, असे गृहीत धरूनच योजना करावी. विषुवदिनी सावलीचे टोक दिवसभर सरळ रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. तेव्हा सकाळी दहापासून ऊन मिळेल तेव्हा टोकापाशी खूण करीत राहावे, खुणा सुतळी ताणून जोडाव्यात आणि शंकूच्या पायापासून त्या रेषेवर लंब टाकावा. लंबाची लांबी हीच पलभा, आणि लंबाची दिशा उत्तर-दक्षिण. मध्यान्ह ढगात गेली तरी प्रयोग वाया जात नाही. इतर कोणत्याही दिवशी दिशा काढायची असेल तर शुल्बसूत्रांतील जुनी रीत वापरावी. शंकूभोवती चाळीस सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर सप्टेंबरअखेर सावलीचे टोक साधारण साडेदहाला आणि अडीचला त्याला स्पर्श करते. ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि त्या जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो, हे प्रमेय मुलांच्या पायाखाली सिद्ध होते. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही सूचना या सर्व काळात कठोरपणे पाळावी.

रत्नागिरीला सावली १८.३ सेंटीमीटर, म्हणजे ३ अंगुळे ४० व्यंगुळे (व्यंगूळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग) यायला हवी. मालवणला ती साधारण १७.३ सेंटीमीटर, डहाणूला २१.८, आणि अलिबागला जवळजवळ नेमकी चार अंगुळे असते. तेथील शिक्षकांना चार आणि बारा यांचा तयार त्रिकोण मिळतो याचा मला थोडा हेवा वाटतो. प्रत्यक्षात सावलीची कड पुसट असते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. साठ सेंटीमीटरच्या काठीला ही पुसट पट्टी अर्ध्या सेंटीमीटरहून थोडी अधिक रुंद पडते. अर्धा सेंटीमीटर कमी मोजला गेला तर १८.३ ऐवजी १७.८ येतात, अक्षांश १७ ऐवजी साडेसोळा होतात आणि रत्नागिरीची शाळा विजयदुर्गाजवळ जाऊन बसते. हे नकाशावर दाखवावे. चूक टाळायची असल्यास काठीच्या माथ्यावर पत्र्याचा तुकडा आडवा ठोकून त्याला बारीक छिद्र पाडावे. जमिनीवर सूर्याची छोटी गोल प्रतिमा पडते आणि तिचा मध्य नीट खुणावता येतो. अशा वेळी उंची छिद्रापर्यंत मोजावी आणि सावलीचे अंतर छिद्राच्या बरोबर खालच्या बिंदूपासून घ्यावे, हे विसरले जाते.

चौथी पायरी : त्रिकोणातून ज्येकडे

नववीत त्रिकोणमितीची ओळख होते तेव्हा पुस्तकातल्या त्रिकोणाऐवजी हाच त्रिकोण वहीत काढावा. ६० आणि १८.३ या बाजू, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण ६२.७. सावलीला कर्णाने भागले की ०.२९२ येतात. हे १७ अंशांचे साइन मुलांनी स्वतः उन्हात उभे राहून मिळवले आहे.

आता ४९९ मधील आर्यभटांकडे जावे. त्यांनी वर्तुळाच्या परिघाच्या २१,६०० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरल्या आणि त्याच मापाने त्रिज्या ३४३८ घेतली. मुलांनी २१,६०० ला ६.२८३२ ने भागून पाहावे, म्हणजे ३४३८ कोठून आले ते कळते. पाव वर्तुळाचे चोवीस भाग केले की एक भाग ३ अंश ४५ कलांचा, म्हणजे २२५ कलांचा होतो. पहिली ‘ज्या’ (म्हणजे त्रिज्या गुणिले त्या कोनाचे साइन) हीही २२५ च आहे, कारण एवढ्या लहान चापाची लांबी आणि ज्या यांत फरक पडत नाही. आठवी ज्या, ३० अंशांची, १७१९. म्हणजे बरोबर त्रिज्येच्या निम्मी. ‘ज्या’चे ‘जीवा’, अरबीत ‘जिबा’, ती अक्षरे ‘जैब’ अशी वाचली जाऊन लॅटिनमध्ये ‘सायनस’ आणि शेवटी आपल्या पुस्तकातले ‘साइन’ झाले, ही शब्दाची वाटचाल पाच मिनिटांत सांगून होते आणि मुले ती घरी जाऊन सांगतात.

सातव्या शतकातील पहिले भास्कराचार्य यांनी कोष्टकावाचून ज्या काढण्याचे एक सूत्र दिले. आजच्या भाषेत, कोन आणि १८० मधून तो कोन वजा करून आलेली संख्या यांचा गुणाकार करावा. त्याच्या चौपटीला, ४०,५०० मधून तो गुणाकार वजा करून आलेल्या संख्येने भागावे. १७ अंशांसाठी १७ गुणिले १६३ म्हणजे २७७१, चौपट ११,०८४, भाजक ३७,७२९, उत्तर ०.२९४. खरी किंमत ०.२९२. तीस अंशांना मात्र उत्तर नेमके अर्धे येते. हा तास आठवीतही घेता येतो, कारण येथे केवळ अपूर्णांक लागतात. गणेश दैवज्ञांनी आपल्या ग्रंथात ज्येचा वापरच टाळला आणि सोप्या आसन्न रीतींवर काम भागवले, हे येथे आठवून द्यावे. पंचांगकर्त्याला दररोज गणित करायचे असते आणि त्याची गरज बंदरावरच्या माणसासारखीच असते.

पाचवी पायरी : दुसरी शाळा शोधणे

इ.स.पू. तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील सायनी आणि अलेक्झांड्रिया येथील सावल्यांमधला ७.२ अंशांचा फरक घेतला, तो वर्तुळाचा पन्नासावा भाग असल्याचे पाहिले आणि दोन गावांमधल्या ५००० स्टेडिया अंतराला ५० ने गुणून पृथ्वीचा परीघ काढला. कोकण उत्तर-दक्षिण लांब पसरलेले असल्याने हा प्रयोग आपल्याला जणू आयता मिळाला आहे. डहाणू आणि मालवण येथील दोन शाळांनी एकाच दिवशी, आपापल्या मध्यान्हीला मोजले तर फरक सुमारे ३.९ अंशांचा येतो. पत्र किंवा फोन करून जोडीदार शाळा जूनमध्येच ठरवावी.

अंतर महामार्गाचे घेऊ नये, कारण घाटवळणे आणि खाड्या यांनी ते फुगलेले असते. नकाशावर सरळ मोजले तर सुमारे ४४० किलोमीटर येतात, तेही चालत नाहीत, कारण मालवण डहाणूच्या नेमके दक्षिणेला नसून ७७ किलोमीटर पूर्वेकडे सरकलेले आहे. काटकोन त्रिकोण काढून उत्तर-दक्षिण बाजू काढावी. ती सुमारे ४३४ भरते. ३६० भागिले ३.९, गुणिले ४३४ केले की परीघ ४०,००० किलोमीटरांच्या आसपास येतो. सायनी आणि अलेक्झांड्रियाही एका रेखावृत्तावर नव्हती, हे मुलांनी दुरुस्ती केल्यानंतर सांगावे. दोन्ही शाळांची चूक अर्ध्या अर्ध्या अंशाची झाली आणि ती उलट दिशांनी पडली तर उत्तर सुमारे वीस ते चौतीस टक्क्यांनी बिघडते. तेव्हा दोन शाळांत एकेकच काठी न लावता पाच-पाच गटांच्या सरासऱ्या घ्याव्यात.

हिवाळ्यातली कामे थोडक्यात सांगतो. कोनमापकाला दोरा आणि नट बांधून ध्रुवाची उंची मोजावी. ती अक्षांशाइतकीच येते आणि पलभेचा पडताळा मिळतो. सड्यावरून क्षितिज किती दूर दिसते, हा दहावीच्या स्पर्शिकेचा उत्तम प्रश्न आहे. शंभर मीटर उंचीवरून सुमारे ३६ किलोमीटर. अल-बिरूनीने अकराव्या शतकात क्षितिजाचा उतार मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली होती, पण १०० मीटरवरून तो उतार अंशाचा तिसरा हिस्साच असल्याने शाळेच्या साधनांनी त्याची पुनरावृत्ती करायचा हट्ट धरू नये. केप्लरच्या तिसऱ्या नियमासाठी गुरूचे आकडे पुरतात; सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ५.२ पट आणि प्रदक्षिणेला ११.८६ वर्षे, ५.२ चा घन आणि ११.८६ चा वर्ग जवळजवळ सारखे, साधारण १४०.६.

इतिहास सांगताना ऐकीव गोष्टींपासून जपावे. विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात हेलियम शोधला, असे सहलीत हमखास सांगितले जाते. त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते आणि लॉकयर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये केले. ओट्यांवर मुलांना न्यावे, सूर्य चंद्राच्या चारशेपट मोठा आणि चारशेपट दूर असल्याने खग्रास ग्रहण कसे घडते ते समरूप त्रिकोणांनी तेथेच दाखवावे, पण तारखा आणि माणसे बरोबर सांगावीत.

मार्चच्या २० किंवा २१ तारखेला परीक्षांच्या गडबडीतही अर्धा तास काढून पलभा पुन्हा मोजावी. आकाश तेव्हा निरभ्र असते आणि सप्टेंबरचे माप तपासून घेता येते. दोन्ही वेळा शंकू एकाच जागी असायला हवा, म्हणून ती जागा आणि उत्तर-दक्षिण रेषा खडूने न आखता जांभ्यावर छिन्नीने कोरून घ्यावी, कारण खडूच्या रेषा कोकणात जूनचा दुसरा आठवडा पाहत नाहीत.